वालूरचा नारू आणि माझा उजवा पाय

२ मार्च १९३६

दवाखान्याच्या रजिस्टरात सगळं उर्दूत लिहावं लागतं, तारीख सरकारी फसली सनाची, आणि रकाने चारच: नाव, दुखणं, औषध, शेरा. ‘आज मला नाचावंसं वाटलं’ हे कुठल्या रकान्यात घालायचं? म्हणून ही वही आणली.

आज मला नाचावंसं वाटलं. खुर्दबीन आली! शाळेत तिला सूक्ष्मदर्शक म्हणायचे, पण डोळ्यांनी कुणी पाहिलेलं नव्हतं. पितळेची, चकचकीत, खाली इवलासा आरसा. सेलूच्या स्टेशनापासून वालूरपर्यंत बैलगाडीत मी तिची पेटी मांडीवर घेऊन बसलो. खाली ठेवली असती तर हादऱ्यानं काच गेली असती. दोन्ही पायांना मुंग्या आल्या, येऊ देत. दवाखान्याच्या दारात डॉक्टर हशमत अली उभे होते. म्हणाले, “मियाँ शिवरुद्र, दुल्हन को भी कोई इतना सँभाल के नहीं लाता.”

ही आली आहे नारूसाठी. वालूरात उन्हाळा लागला की गल्लीगल्लीत माणसं नारूनं अंथरूण धरतात. पायाला फोड येतो, विस्तवासारखी आग होते, फोड फुटतो आणि आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोकं काढतो. चांगला दोन हात लांब. काडीला गुंडाळून रोज दोन बोटं ओढायचा. घाई केली आणि तुटला, की पाय सुजून मडकं. आणि हे सगळं ऐन पेरणीच्या तोंडावर. कुणी म्हणतं रक्तातला तंतू, कुणी म्हणतं देवीचा कोप. डॉक्टरसाहेब म्हणतात, पाण्यातून येतो. आणि ते सिद्ध करून त्याला गावातून घालवायचं काम आपलं. म्हणजे माझंही! पिंगळीच्या चोवीस वर्षांच्या कंपौंडरचं!

९ मार्च

आज धुरपताबाई आल्या. साठीच्या, जिभेला धार, दक्षिणेच्या गल्लीत त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नाही. डाव्या घोट्यावर फोड, कालच फुटलेला. साहेबांनी शिकवलं होतं तसे मी फोडाभोवतीच्या कातड्यावर थंड पाण्याचे थेंब सोडले. जखमेतून दुधासारखा पांढरा थेंब वर आला. तो काचेवर घेतला, भिंगाखाली सरकवला, आरसा फिरवला.

जत्रा! शेकडो पिल्लं, टोकदार शेपट्यांची, एकमेकांवर उड्या घेणारी. एवढ्याशा थेंबात. माझ्या तोंडून मोठ्यानं “वा! वा!” निघालं.

“काय झालं रे?” धुरपताबाई कण्हत म्हणाल्या. “मी मरायले अन् तू वाहवा करायलास?”

“आजी, तुमच्या पायातून पोरं निघाली! हजारभर असतील!”

“या वयात?”

साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, बाई पाणी कुठं भरतात? बारवेत. पायऱ्या उतरून, घोटाभर पाण्यात उभ्या राहून. गार पाण्यानं आग थांबते म्हणून पाय जरा जास्तच वेळ बुडवून ठेवतात. साहेब एवढंच म्हणाले, “तो ये सब वहीं उतरता है. और वही पानी गाँव पीता है.”

मला ती पिल्लं बघवेनात. मग पुन्हा आनंद झाला. सध्या माझं हे असंच चाललं आहे.

२१ मार्च

गेले बारा दिवस मी पाय सोडून दुसरं काही पाहिलेलं नाही. कागद जमिनीवर ठेवायचा, त्यावर रोग्याचा पाय, पेन्सिलीनं कड काढायची आणि नारू जिथून निघाला तिथं काळा ठिपका. एकसष्ट रोगी. त्यातले छप्पन्न गुडघ्याच्या खाली. एक पखालवाला आला, त्याला पाठीवर, नेमकी ओली पखाल टेकते तिथं! म्हणजे किडा आतल्या आत गारवा शोधत येतो. फोड यायच्या आधी तिथलं कातडं तापतं, हे मी ताप पाहायची नळी फडक्यानं बांधून बघितलं. खाज आधी, मग लाली, मग ज्वारीच्या दाण्याएवढा फोड. सगळं लिहून ठेवतो. रोज सकाळी भिंग घेऊन स्वतःचे पायही तपासतो, म्हणजे चांगलं कातडं कसं असतं ते समजतं.

कागद संपले म्हणून रेवणप्पांच्या कापडाच्या दुकानात गेलो, ठाणाला गुंडाळलेले जाड कागद ते देतात. त्यांची मुलगी बसम्मा मापाला बसते. लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा तापानं गेला. तीन वर्षं झाली, माहेरी आहे.

ती म्हणाली, “कंपौंडर, लोक तोंड बघून बोलत्यात. तुमी पाय बघून बोलायलाय.”

मी मान वर केली. तिचे डोळे मोठे आहेत. शास्त्रीय नोंद म्हणून लिहिलं.

३० मार्च

सापडला! बारवेचं पाणी उन्हात पेल्यात धरलं तर तिळापेक्षा लहान ठिपके टुणटुण उडताना दिसतात. गावात त्याला पाणपिसू म्हणतात आणि कुणी मनावर घेत नाही. भिंगाखाली त्याला कपाळाच्या मधोमध एकच डोळा, लाल! आणि आज सकाळी एकाच्या पोटात, काचेसारख्या आरपार पोटात, धुरपताबाईंच्या पायातलं पिल्लू वेटोळं करून बसलेलं दिसलं. तेच! शेपटीवरून ओळखलं.

म्हणजे पायातून पाण्यात, पाण्यातून पिसूत, पिसूतून पोटात, आणि वर्षभरानं पुन्हा पायात. साहेबांनी खुर्दबिनीला डोळा लावला, बराच वेळ काढला नाही. मग माझ्या पाठीवर थाप मारली. अठरा महिन्यांच्या नोकरीत पहिली.

१० एप्रिल

पाणी शुद्ध करण्याचे माझे प्रयोग, क्रमवार आणि खरे लिहितो.

तुरटी. गढूळपणा खाली बसला, पाणी आरशासारखं. पिसवा त्यात मजेत पोहत होत्या, उलट आता स्पष्ट दिसत होत्या.

उकळणं. सगळ्या मेल्या. पण चार घागरी उकळायला लागणारं सरपण सांगितल्यावर बायका माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या.

तीन मडक्यांची उतरंड, वाळू आणि कोळसा घालून. उत्तम! एक पेला पाणी यायला दोन तास.

लाल औषध. हे मी सरळ बारवेतच टाकलं. प्रमाण चुकलं असावं. अख्खी बारव जांभळी-लाल झाली. धुरपताबाई पायरीवर उभ्या राहून ओरडल्या, “बारवेला विटाळ आला!” आणि चार दिवस कुणी तिकडं फिरकलं नाही. साहेब माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

१३ एप्रिल

कापड! इतकं सोपं! पिसू डोळ्याला दिसते म्हणजे कापडात अडकलीच पाहिजे. रेवणप्पांच्या दुकानात गेलो आणि सगळ्या जातीच्या चिंध्या मागितल्या. मलमलीतून चाळीसपैकी अकरा पिसवा निसटल्या. नव्या कोऱ्या मांजरपाटातून पाणीच उतरेना.

बसम्माकडे सूत मोजायचं छोटं भिंग आहे. तिनं मांजरपाट त्याच्याखाली धरला. म्हणाली, “खळ हाय त्यात. चार पाण्यातनं काढा, मंग सूत फुगतंय अन् भोकं बारीक व्हत्यात. अन् दुहेरी घ्या की. एकेरी कशाला?”

तसं केलं. चाळीसपैकी शून्य. पुन्हा केलं. शून्य. दहा वेळा शून्य! अशा रीतीनं धुतलेला दुहेरी मांजरपाट हा उपाय मी शोधून काढला. बसम्मानंही मदत केली.

१९ एप्रिल

चावडीवर सगळे जमले होते. किशनराव पाटील सरळ माणूस, पण पुराव्याशिवाय हलणार नाही. साहेबांनी मागणी केली: बारवेच्या पायऱ्या बुजवा, वर कठडा बांधा, रहाटानं पाणी ओढा, म्हणजे कुणाचा पाय पाण्याला लागणार नाही.

“पिढ्यान्‌पिढ्याच्या पायऱ्या बुजवायच्या,” पाटील म्हणाले, “एका काचेत किडे दिसले म्हणून? किती दिसात कळंल खरं का खोटं?”

“एक साल,” साहेब म्हणाले.

“मंग ऐका. कंपौंडर, तू वरीसभर ह्याच बारवेचं पाणी प्यायचं, तुझ्या फडक्यातनं गाळून. पटंल त्या घरानं गाळावं, न पटंल त्यानं नगं. पुढच्या मिरगाच्या आत तुला नारू निघाला न्हाई तर मी माझ्या हातानं पयला दगड टाकतो. निघाला तर ती काच सेलूला परत, अन् पायऱ्यांचा विषय बंद.”

मी तिथंच तांब्याभर पाणी गाळून घटाघटा प्यालो. टाळ्या पडल्या! धुरपताबाई म्हणाल्या, “पोरगं गेलं कामातनं.”

२५ एप्रिल

काल मी पाराजवळ दीड तास भाषण दिलं: पिसूचे अवयव, किड्याचं आयुष्य, कातड्याचे थर. शेवटी अकरा माणसं उरली, त्यातली तीन झोपलेली. थोडा खचलो. पण आज सकाळी मोजणीला निघालो तर एकतीस घरांत घागरीवर दुहेरी फडकं! भाषणाचा असा परिणाम मी कधी पाहिला नव्हता.

रेवणप्पांच्या दुकानात दिवसभर बायकांची रीघ होती. बसम्मा हातभर तुकडे कापून, कडेला टीप घालून, वरची बाजू कळावी म्हणून कोपऱ्यात लाल दोरा ओवून देत होती आणि प्रत्येकीशी काहीतरी कुजबुजत होती. लग्नसराई असावी.

२८ मे

आज ऊन असं होतं की पायऱ्यांवर पोळी भाजली असती. बारवेतून सात बाटल्या नमुने घेऊन वर आलो आणि लिंबाखाली बसकण मारली. घशाला कोरड. तेवढ्यात बसम्मा घागर भरून पायऱ्या चढून आली आणि थांबली.

“तोंड बघा कसं झालंय. ओंजळ करा.”

मी केली. तिनं कडेवरची घागर तिरपी केली. पाणी ओंजळीत, ओंजळीतून कोपरापर्यंत, सदऱ्यात, सगळीकडे. मी पीतच राहिलो.

“घागर रिकामी करतांव का आता?” ती हसत म्हणाली.

असं पाणी मी जन्मात प्यालो नव्हतो. गार, गोड, आणि वर काहीतरी जे सांगता येत नाही. उन्हाळ्यात तळाच्या पाण्यात क्षार बदलत असतील. नमुना क्रमांक चारची चव घेऊन पाहायला हवी.

१९ ऑक्टोबर

बरेच दिवस लिहिलं नाही, लिहिण्यासारखं नव्हतं. त्रेचाळीस घरं गाळतात, एकोणचाळीस गाळत नाहीत. बसम्मा पंधरा दिवस सेलूला मावशीकडं गेली आहे. माझं पचन बिघडलं आहे, अन्नावर वासना नाही. सोडा घेतला. गुण नाही.

३ नोव्हेंबर

बसम्मा परत आली. भूक कडकडून लागली, तीन भाकरी खाल्ल्या. सोड्याचा गुण उशिरा येतो असं दिसतं.

२७ एप्रिल १९३७

आकडे यायला लागले आणि माझे पाय जमिनीवर ठरत नाहीत. न गाळणाऱ्या घरांत आतापर्यंत चौतीस रोगी. गाळणाऱ्या घरांत दोन, आणि ते दोघंही गेल्या उन्हाळ्यात लग्नाला परगावी गेले होते, तिथलं पाणी प्याले. साहेब खिशात हात घालून दवाखान्यात येरझाऱ्या घालतात आणि मधेच स्वतःशी “वल्लाह” म्हणतात. दक्षिणेच्या गल्लीतल्या दोघी सुना दुपारी चोरून फडकं घेऊन गेल्या. “सासूला सांगू नगा.” सासू म्हणजे धुरपताबाई!

१६ मे

सकाळी भिंगानं पाय पाहताना उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला लाली. ज्वारीच्या दाण्याएवढी.

आधी मला हर्षच झाला. लाली उमटते त्याच सकाळी ती मला एकदाही पाहायला मिळाली नव्हती! मी नळी बांधून उष्णता मोजली, आकृती काढली, तारीख घातली. आकृती पूर्ण होत आली तेव्हा लक्षात आलं की हा पाय माझा आहे.

१८ मे

फोड. आग. नारूच आहे, शंका नाही. म्हणजे गाळणं खोटं. दहा वेळा शून्य मोजलं ते खोटं. माझ्या सांगण्यावरून ज्या बायकांनी वर्षभर रोज फडकी धुतली त्यांना काय तोंड दाखवू? कपाटामागे बसून रडलो. रडताना नारूच्या आगीत काही फरक पडत नाही (नोंद).

१९ मे

वही पहिल्या पानापासून वाचली. कुठं चुकलो ते शोधायला. गेल्या वर्षीच्या अठ्ठावीस मेवर येऊन थांबलो.

घागर बारवेतून थेट वर आली होती. बसम्मा घरी गेल्यावर गाळते. मी रस्त्यातच प्यालो. पोटभर. आणि नंतर क्षारांचा विचार करत बसलो! गाळणं खोटं नाही! मी गाढव आहे, पण मांजरपाट खरा आहे!

हे लिहून उठून नाचलो, एका पायावर. मग बसलो. कारण हे सांगायचं कुणाला? विधवा पोरीनं भर दुपारी लिंबाखाली कंपौंडरला ओंजळीनं पाणी पाजलं, हे चावडीवर सांगायचं? रेवणप्पांचं दुकान, तिचं नाव, गावाच्या जिभा. पुढच्या वर्षी पुन्हा पन्नास पाय एका पारड्यात, आणि ती दुसऱ्यात.

आणि ते पाणी सांगता न येण्यासारखं गोड का लागलं, हेही आज कळलं. सगळं एकाच दिवशी कळायचं होतं.

२४ मे

मोजे घातले आहेत. मे महिन्यात. वालूरात. साहेबांनी आज पायाकडं पाहिलं आणि दार लावून घेतलं.

“दिखाओ.”

दाखवला. किडा चार बोटं बाहेर आला आहे, काडीला गुंडाळलेला. मी सगळं सांगितलं, नाव सोडून. म्हटलं, पिंगळीला घरी गेलो होतो, तिथं प्यालो असं सांगतो. दुसऱ्या गावी प्यालेले तिघं आहेतच, माझा चौथा.

साहेब बराच वेळ खुर्दबीन पुसत राहिले. मग म्हणाले, “रजिस्टर में मैं झूठ नहीं लिखूँगा. नाम मैं पूछूँगा नहीं.” दार उघडताना पुन्हा वळून म्हणाले, “और मियाँ, पैर पानी में मत डालना.” जसा काही मी घातला असता!

३० मे

आज चावडी. सगळं जसं झालं तसं लिहितो.

साहेबांनी आकडे वाचले. न गाळणारी एकोणचाळीस घरं, एक्कावन्न रोगी. गाळणारी त्रेचाळीस घरं, तीन रोगी, तिघंही परगावी प्यालेले. लोकांत कुजबुज झाली. किशनराव पाटील म्हणाले, “अन् कंपौंडर? पाय दाव.”

मी मोजा काढला. काडी सगळ्यांना दिसली. कुणीतरी मागून “गेली काच सेलूला!” असं ओरडलं आणि हशा पिकला. मी म्हणालो, “मी एकदा न गाळलेलं प्यालो.”

“कुठं?”

पिंगळी म्हणायचं होतं. तोंडात होतं. समोर तीन-चार बायका घागरीवरची फडकी खांद्यावर टाकून तशाच आल्या होत्या, कोपऱ्यात लाल दोरा. मी म्हणालो, “इथंच. ह्याच बारवेचं.”

“कुणाच्या घरी?”

मी वाकून काडी नीट केली. पाटलांचा चेहरा कठीण झाला. “कंपौंडर, मी तुझ्यासंगं शब्दानं वागलो. तू नाव सांगंनास तर ही पळवाट हाय म्हनायची का न्हाई?”

“म्हणा,” मी म्हणालो.

तेव्हा बायकांच्या बाजूला कोणीतरी उभं राहिलं. बसम्मा. पदर नीट, आवाज दुकानात माप सांगते तसाच.

“पाटील, मी पाजलं. गेल्या साली मे म्हैन्यात, दुपारी, लिंबाखाली. माझ्या घागरीतलं, न गाळलेलं. त्येंनी मागितलं न्हवतं. मला वाटलं माणूस तहानलाय, म्हणून दिलं. गाळायचं माझ्या ध्यानातच आलं न्हाई.” मग थोडं थांबून, “त्येंच्या तर न्हाईच.”

रेवणप्पा खाली बघत होते.

आणि मग धुरपताबाई उठल्या, काठी आपटत. मी डोळे मिटले.

“पाटील,” त्या म्हणाल्या, “ह्येला खोटं बोलायचं असतं तर ह्येनं पिंगळीचं नाव घेतलं असतं. अन् ही पोरगी भरल्या चावडीत स्वतःच्या अंगावर बालंट घेऊन खोटं कशापायी बोलंल? काचेतलं मला काय दिसलं न्हाई. पर हे दिसलं. खरं हाय ते.” मग आपल्या सुनांकडं वळून, “अन् तुमी दोघी चोरून गाळायलाव ते मला ठावं हाय. उद्यापासनं उघड गाळा.”

हशा झाला, पण आताचा निराळा. पाटील उठले. बारवेकडं चालू लागले. सगळं गाव मागं. वरच्या पायरीवर उभे राहून त्यांनी शेजारच्या ढिगातला एक दगड उचलला आणि खालच्या पायऱ्यांवर टाकला. त्याचा आवाज अजून कानात आहे. मी लंगडत पोचलो तोवर साहेब उन्हात उभे राहून दोन्ही हातांनी चष्मा पुसत होते.

बसम्मा कुठं दिसली नाही.

६ जून

किडा रोज दोन बोटं. तुटला नाही. मी खाटेवर, पाय उशीवर. बाहेर गवंडी कठडा रचतायत, दिवसभर टाकीचे घाव. इतकं छान संगीत ऐकलेलं नाही.

दुपारी रेवणप्पा आले. पहिल्यांदाच दवाखान्यात. मला वाटलं, आता बोलणी बसणार. उठायला लागलो तर हातानंच थांबवलं. स्टुलावर बसले, पटका नीट केला, पायाकडं पाहत राहिले.

“पुरा निघायला अजून किती दिस?”

“दहा-बारा, अप्पा. ओढायची घाई करता येत नाही. तुटला तर आत सडतो.”

“त्यानंतर चालता यील?”

“येईल की. जखम भरायला आठवडा.”

“हितनं मठापोतर किती चालावं लागंल?”

“तीनशे पावलं असतील,” मी म्हणालो. “एवढं चालायला काही हरकत नाही. मात्र अनवाणी नको, आणि ओलं अजिबात नको.” मग त्यांना बरं वाटावं म्हणून कातडं कसं भरून येतं, आधी खालचा थर, मग वरचा, हे सविस्तर सांगितलं.

रेवणप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग उसासा टाकला. “शिवरुद्र, आमच्यात पाट लावायला मठात स्वामींपुढं चालत जावं लागतंय, नवऱ्या मुलानं. लंगडत गेलेला दिसू ने म्हणून इचारायलोय.”

मी तोंड उघडं ठेवून त्यांच्याकडं पाहत राहिलो. किती वेळ, नोंद नाही.

“पिंगळीला तुझ्या आईला मी सवता जाऊन भेटतो,” ते उठत म्हणाले. “गावात बोलणारे बोलणारच. माझी पोरगी भर चावडीत बोलली, तिला मी काय खाली मान घालायला लावू?”

ते गेले आणि दहा मिनिटांनी माझ्या डोक्यात आलं की बसम्माला कुणी विचारलंय का. साहेब आत औषधं मोजत होते. मी काडी बोटात घट्ट धरली आणि एका पायावर उड्या मारत पेठेतून निघालो. लोक दुकानातून बाहेर येऊन बघत होते. कुणी टाळी वाजवली. मी पडलो असतो पण पडलो नाही.

बसम्मा दुकानात गजानं मांजरपाट मोजत होती. तिनं वर पाहिलं. मी दम खात चौकटीला धरून उभा.

“तुमचे अप्पा म्हणाले,” मी म्हणालो, “पण मी म्हटलं, तुम्हाला विचारावं. म्हणजे तुमचं काय म्हणणं. कारण मला ते पाणी...” पुढचं वाक्य मी वाटेत चांगलं तयार केलं होतं. ते गेलं.

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग पायाकडं, मग काडीकडं. तिचे कान लाल झालेले मला दिसले. ही अवस्था मी याआधी नोंदलेली नाही.

“मी न्हाई म्हनले का?” ती म्हणाली. “असं उड्या मारत येत्यात का? तुटंल तो. जावा, आधी पाय वर करून पडा.”

पाय वर करून पडलो आहे. लिहितो आहे तोही तसाच.